बॅटमॅन एकटाच बरा!

शनिवारी रात्री आमच्या फ्लॅटवर मॅच रंगते. क्रिकेटची नव्हे, वादावादीची! विषय ठरलेला : बॅटमॅनच्या ‘आर्कहॅम’ सीरिजमधला बेस्ट गेम कोणता? खेळाडू तीन. मी, ऑफिसातला सॉफ्टवेअर टेस्टर मित्र आणि माझा धाकटा भाऊ. मतंही तीन.

माझं मत ठाम आहे. २००९चा ‘आर्कहॅम असायलम’! तोवर सुपरहिरोचा गेम म्हणजे बरेचदा पिक्चरच्या मागोमाग येणारा टाइमपास. लंडनच्या रॉकस्टेडी स्टुडिओनं हे चित्र पालटलं. एक बेट, एक रात्र आणि जोकरनं ताब्यात घेतलेलं मनोरुग्णालय. बस्स! फायटिंगचा फंडाही सोप्पा. एका बटणानं ठोकायचं, दुसऱ्यानं वार परतवायचा. बंदूकवाले समोर आले की मात्र हिरोगिरी बंद. उंचावर दबा धरायचा आणि एकेकाला गुपचूप गाठायचं. उरलेले गुंड टरकून स्वतःच्या सावलीलाही घाबरायला लागतात, तेव्हा काय सॉलिड वाटतं म्हणून सांगू!

टेस्टर मित्र २०११च्या ‘आर्कहॅम सिटी’चा फॅन. ‘‘अरे, तुझ्या गेममध्ये बेट होतं, इथे अख्खी वस्ती दिली राव!’’ त्याची फेव्हरिट फाइट मिस्टर फ्रीझची. हा गडी एका युक्तीला दोनदा फसत नाही. प्रत्येक वेळी नवी आयडिया लढवा! पॉइंट मान्य.

२०१५च्या ‘आर्कहॅम नाइट’वर मात्र आमचं एकमत होतं. दिसायला झक्कास, पण बॅटमोबिलच्या रणगाडाछाप लढाया किती त्या! शिवाय शेवट पूर्ण बघायचा तर रिडलरची २४३ आव्हानं पूर्ण करा. ऑफिसात टार्गेट्स कमी आहेत का? पीसीवर तर तो इतका अडखळत होता, की त्याच जूनमध्ये विक्री थांबवून ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू करावी लागली.

आता खरं भांडण. (गेम खेळायचा असेल तर हा परिच्छेद सोडा!) फेब्रुवारी २०२४मध्ये रॉकस्टेडीचाच ‘सुइसाइड स्क्वॉड : किल द जस्टिस लीग’ आला. आपण चार व्हिलन, हातात बंदुका, ऑनलाइन धुमाकूळ. त्यात हार्ली क्विन बॅटमॅनला बाकावर बसवून गोळी घालते. आवाज केव्हिन कॉनरॉयचा! १९९२च्या कार्टून मालिकेपासून ज्याच्या आवाजात आम्ही बॅटमॅन ऐकला, तो माणूस नोव्हेंबर २०२२मध्ये गेला होता. मला ते बघवेना. गेमही आपटला, वॉर्नरला २० कोटी डॉलर्सचा फटका बसला. जानेवारी २०२५च्या शेवटच्या सीझनमध्ये कळलं, की मेलेला बॅटमॅन क्लोन होता. घ्या!

मी तावातावानं बोलत होतो. भाऊ शांतपणे म्हणाला, ‘‘दादा, बारावीनंतर आम्ही चौघं मित्र चार शहरांत गेलो. दर शुक्रवारी आम्ही त्याच गेममध्ये भेटायचो. तुझ्या बॅटमॅनला मित्रच नाहीत, त्याला आम्ही काय करू?’’

माझी बोलतीच बंद! तुम्ही सांगा, यावर काय बोलणार?

तरी मी माझ्या मतावर कायम आहे. मित्रांसोबत दंगा घालायला हजार गेम आहेत. अंधारात एकट्यानं श्वास रोखून बसवणारे फार थोडे. ‘असायलम’मध्ये वॉर्डनच्या ऑफिसात भिंतीआड एक गुप्त खोली आहे, आत पुढच्या गेमचे नकाशे! रॉकस्टेडीनं कित्येक महिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. ना बाण, ना ट्रॉफी. शोधाल तर सापडेल. खेळणाऱ्यावर एवढा भरवसा टाकणारा पुढचा गेम आला, तर मी लग्गेच प्री-ऑर्डर करीन. तोवर रिव्ह्यू वाचल्याशिवाय एक पैसा नाही.

त्या रात्री भावाला ‘असायलम’ लावून दिला. पहाटे दोनला पाणी प्यायला उठलो, तर पठ्ठ्या अजून खेळतोय. दिवे बंद, हेडफोन कानात. खोलीचं मी त्याला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका हं!