कोड एडिटरात मराठी का मोडते?

'महाराष्ट्र' या शब्दात अक्षरं किती? पहिलीतलं मूलही बोटांवर मोजून चार सांगेल: म, हा, रा, ष्ट्र. पायथन या संगणकभाषेला हाच प्रश्न विचारला तर उत्तर येतं १०. तोच शब्द यूटीएफ-८ पद्धतीने फाइलमध्ये साठवला तर डिस्कवर ३० बाइट लागतात. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. कोड लिहिण्याच्या एडिटरात मराठी मजकूर फुटतो, वेलांट्या सुट्या पडतात, कर्सर भलतीकडेच उभा राहतो, तेव्हा बहुतेकदा यातलं एक उत्तर दुसऱ्याच्या जागी वापरलं गेलेलं असतं.

पडद्यावर दिसणारा मजकूर तीन थरांतून येतो. सगळ्यात खाली फाइलमधले बाइट, म्हणजे नुसते आकडे. त्या आकड्यांवरून एडिटर चिन्हं ओळखतो: म, काना, पाय मोडण्याची खूण. शेवटी त्या चिन्हांवरून फॉन्टमधल्या आकृत्या काढल्या जातात. प्रोग्रामिंग शिकणारी मुलं अक्षरं बिघडलेली दिसली की मजकूर पुसून पुन्हा टाइप करतात, एडिटर काढून पुन्हा टाकतात, आणि शेवटी 'मराठी नकोच, इंग्रजीत लिहू' म्हणून मोकळी होतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण बिघाड कोणत्या थरात आहे हे पडद्यावरचा गोंधळच सांगत असतो. तो वाचायला शिकलं की उपाय बऱ्याचदा मिनिटभराचा असतो.

सगळ्यात भीतिदायक दिसणारा गोंधळ घेऊ. फाइल उघडावी आणि मराठीऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन 'ए' पुन्हा पुन्हा दिसावा, त्याच्या मागे कधी चार टोकांचं गोल चिन्ह, तर कधी चक्क जपानी येनचं चिन्ह. मजकुराचा पार चुराडा झाला असं वाटतं. प्रत्यक्षात एक बाइटही इकडचा तिकडे झालेला नसतो. प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक राखून ठेवलेले आहेत. 'अ'चा क्रमांक २३०९. हे क्रमांक बाइटांत मांडण्याची यूटीएफ-८ ही रीत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात, ताटाखालच्या कागदावर आखली. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं होतं. 'अ'चे बाइट २२४, १६४, १३३. पश्चिम युरोपीय भाषांसाठीच्या जुन्या विंडोज एन्कोडिंगमध्ये मात्र एक बाइट म्हणजे एक चिन्ह असा हिशेब असतो. एडिटरने फाइल त्या पद्धतीने वाचली की २२४ म्हणजे रेघवाला 'ए', १६४ म्हणजे ते गोल चिन्ह आणि १३३ म्हणजे तीन टिंबं. देवनागरीचे पहिले दोन बाइट नेहमी २२४-१६४ किंवा २२४-१६५ असतात आणि १६५ म्हणजे येन. व्यंजनं, काना आणि ऱ्हस्व वेलांटी पहिल्या गटात येतात. दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा आणि पाय मोडण्याची खूण दुसऱ्या गटात. म्हणून जोडाक्षरांनी भरलेला परिच्छेद असा उघडला की येनचा पाऊस पडतो.

अशा वेळी फाइल सेव्ह करू नये. सेव्ह केली तर एडिटर तो रेघवाला 'ए' खराखुरा मजकूर समजून नव्याने बाइटांत मांडू शकतो. मग गोंधळावर गोंधळ चढतो आणि तो उलगडणं अवघड होऊन बसतं. व्हीएस कोडसारख्या एडिटरात उजवीकडे खालच्या पट्टीत एन्कोडिंगचं नाव दिसतं. त्यावर क्लिक करून 'रीओपन विथ एन्कोडिंग' निवडायचं आणि यूटीएफ-८ द्यायचं. शेजारीच 'सेव्ह विथ एन्कोडिंग' असतं. पहिलं फक्त वाचण्याची पद्धत बदलतं, दुसरं फाइलच बदलतं. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडल्यावर गावांची नावं बिघडतात त्यामागेही हेच कारण असतं. फाइलच्या सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन ओळखीचे बाइट असले की एक्सेल तिला यूटीएफ-८ म्हणून वाचतं. मात्र हेच तीन बाइट लिनक्सवरच्या स्क्रिप्टच्या आरंभी आले तर पहिली ओळ ओळखली जात नाही. डेटाच्या फाइलला ते असू द्यावेत, कोडच्या फाइलला नसावेत.

बाकीच्या खुणाही अशाच बोलक्या असतात. रिकामे चौकोन दिसले तर मजकूर सुखरूप आहे, फक्त फॉन्टमध्ये ती आकृती नाही. काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह म्हणजे एडिटरने यूटीएफ-८ समजून वाचलं, पण बाइट त्या पद्धतीचे नव्हते. इथेही सेव्ह न करता एन्कोडिंग बदलून पाहावं. साध्या प्रश्नचिन्हांची रांग सगळ्यात वाईट. देवनागरी मावत नाही अशा एन्कोडिंगमध्ये कोणीतरी फाइल साठवली, अक्षरं गेली आणि त्यांच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हं लिहिली गेली. जुनी प्रत शोधणं एवढंच हातात उरतं. आणि अर्थहीन रोमन अक्षरांची सरळ ओळ दिसली तर ती युनिकोडपूर्व फॉन्टमधली फाइल असण्याचा संभव मोठा. त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत. आपल्याकडच्या छापखान्यांत अशा फाइलींचे ढीग आहेत. तिथे एन्कोडिंग बदलून काही होत नाही, त्या फॉन्टसाठी लिहिलेला रूपांतरकच लागतो.

काही बिघाडांचा लिपीशी संबंधच नसतो. टेलिप्रिंटरला नवी ओळ सुरू करायला दोन आज्ञा लागत: छपाईचं डोकं डावीकडे न्या (क्रमांक १३) आणि कागद एक ओळ वर सरकवा (क्रमांक १०). विंडोजने दोन्ही ठेवल्या, युनिक्स आणि लिनक्सने फक्त १०, जुन्या मॅकने फक्त १३. विंडोजच्या नोटपॅडला लिनक्सची ओळ समजायला २०१८ साल उजाडलं. तोवर अख्खी फाइल एका लांबलचक ओळीत दिसे. उलट विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर नेली की पहिल्याच ओळीत ती अडते, कारण प्रोग्रामच्या नावाला न दिसणारा १३ चिकटलेला असतो. कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटमध्ये एक शब्द बदलला तरी सगळी फाइल बदललेली दिसली तर आधी ओळीचा शेवट तपासावा. टॅबचंही तसंच. तो कुठे चार जागांचा, कुठे आठ जागांचा, त्यामुळे एका संगणकावर रेखीव दिसणारा कोड दुसऱ्यावर वाकडातिकडा. पायथन ३ तर टॅब आणि स्पेस यांची संदिग्ध सरमिसळ असलेला कोड चालवायलाच नकार देतं. प्रकल्पात एडिटरकॉन्फिगची छोटी फाइल ठेवून हे एकदाच ठरवून टाकलं की पुढचे वाद मिटतात.

दुसऱ्या थरात, चिन्हांच्या थरात, मराठीची स्वतःची म्हणावी अशी अडचण आहे. 'दऱ्या' या शब्दातला आडवा, पापणीसारखा र दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत नुक्तावाला ऱ आणि पाय मोडण्याची खूण. दुसरीत साधा र, पाय मोडण्याची खूण आणि मागोमाग एक अदृश्य जोडखूण, क्रमांक ८२०५. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. फाइलमध्ये वेगळे. एका रीतीने लिहिलेलं दुसऱ्या रीतीने शोधलं तर सापडत नाही आणि माणूस एडिटरच्या शोधयंत्रणेला दोष देतो. युनिकोडच्या नेहमीच्या प्रमाणीकरणातूनही हे दोन एक होत नाहीत. पायथनमध्ये चलाचं नाव देवनागरीत ठेवता येतं. तिथे पहिल्या रीतीचं 'दऱ्या' बिनतक्रार चालतं, दुसऱ्या रीतीच्या नावावर मात्र अदृश्य चिन्हाची चूक दाखवली जाते. सर्वांत मोठा धोका साफसफाईत आहे. वेबपानावरून किंवा व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या कोडमध्ये न दिसणारी चिन्हं येतात, म्हणून ती सरसकट काढणारी छोटी साधनं सगळीकडे फिरतात. ८२०५ काढून टाकला की राचा रफार होतो आणि डोंगरांतल्या दऱ्यांचा दर्या होतो. शब्द शुद्ध, त्यामुळे शुद्धलेखन तपासनीसही काही बोलत नाही. आधी दुसऱ्या रीतीचे सगळे र पहिल्या रीतीत बदलून घ्यावेत, मगच सफाई करावी.

अदृश्य चिन्हांवर एडिटर नजर ठेवू लागले त्याला कारणही तसंच घडलं. २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी दाखवलं, की मजकुराची दिशा बदलणारी अदृश्य चिन्हं पेरून वाचणाऱ्याला एक कोड दाखवता येतो आणि संगणकाकडून दुसराच चालवून घेता येतो. त्यानंतर व्हीएस कोडने अशी चिन्हं चौकटीत दाखवायला सुरुवात केली. ही सोय बंद करू नये.

शब्द ओळखण्यातही गफलत आहे. पायथनच्या मूळ शोधसूत्रात 'शब्दातलं अक्षर' म्हणून जी खूण आहे, तिच्यात काना, मात्रा, वेलांटी बसत नाहीत. तिला 'मराठी' दिलं की 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे परत येतात. ज्या साधनांनी असेच नियम उचलले, तिथे दुहेरी क्लिकवर अर्धाच शब्द निवडला जातो. तुटलेली वेलांटी वेगळी रेखाटली गेली तर तिला बसायला व्यंजन नसतं, आणि मग ती एका ठिपक्यांच्या वर्तुळावर टेकलेली दिसते. 'या मात्रेचं अक्षर हरवलं आहे' असा त्या वर्तुळाचा अर्थ.

आता वरचा थर. कोड एडिटर आणि टर्मिनल चौकटीच्या वहीसारखे आखलेले असतात: एका चौकोनात एक चिन्ह. आयबीएमच्या १९२८च्या पंचकार्डावर ८० स्तंभ होते, १९७८च्या व्हीटी-१०० टर्मिनलवर ८० स्तंभ होते, आणि आजही टर्मिनलची खिडकी बहुधा ८० स्तंभांचीच उघडते. रोमन लिपीने या चौकोनांशी जुळवून घेतलं, बारीक 'आय' आणि रुंद 'एम' एकाच मापाचे झाले. देवनागरीचा स्वभाव निराळा. 'र' अरुंद, 'ख' रुंद. ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि काढली जाते त्याच्या आधी. 'क्षितिज'मधल्या 'क्षि'ची चिन्हं चार: क, पाय मोडण्याची खूण, ष, वेलांटी. ती एकत्र पाहिल्याशिवाय आकृती ठरवताच येत नाही. हे काम हार्फबझसारखी आकृतियंत्रणा करते. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड यांच्या पोटात तीच आहे, आणि व्हीएस कोड क्रोमियमवर उभा असल्यामुळे त्याच्या एडिटरात मराठी बरीच नीट दिसते. त्याच खिडकीच्या खालच्या टर्मिनलमध्ये तोच शब्द विस्कटू शकतो, कारण टर्मिनल चिन्हाचिन्हाला चौकोन वाटून देतो. चूक दाखवणारा बाणही अनेकदा चार अक्षरांच्या शब्दाला दहा जागा मोजून भलत्याच अक्षराखाली जाऊन बसतो. याला देवनागरीची 'क्लिष्टता' म्हणण्याची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. एका भाषेच्या टंकयंत्राचं माप सगळ्या लिप्यांना लावलं, तिथे दोष मापाचा आहे.

पूर्ण टर्मिनल सुधारणं आपल्या हातात नाही, फॉन्ट मात्र आहे. प्रोग्रामरांच्या आवडत्या फॉन्टांत बहुधा देवनागरी नसतेच. एडिटर ती परस्पर दुसरीकडून उसनी घेतो: विंडोजवर निर्मला, त्याआधी र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल. लिनक्सवर नोटो किंवा लोहित. उसन्या फॉन्टची उंची ओळीत मावली नाही की रफार आणि अनुस्वार वरून कापले जातात, उकार खालून. म्हणून फॉन्टच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर देवनागरी फॉन्टचं नाव स्वतः लिहावं आणि ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडी जास्त ठेवावी. 'ष्ट्र' मोकळा श्वास घेतो. फॉन्ट निवडताना ल आणि श पाहावेत. राज्य शासनाच्या २००९च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी सांगितलेले आहेत. वेबपानावर भाषा मराठी आहे असं लिहिलं की चांगले फॉन्ट ती रूपं देतात. कोडच्या फाइलमध्ये सहसा तसं सांगायची सोय नसते, म्हणून मुळातच मराठी वळणाचा फॉन्ट घेतलेला बरा.

कर्सरच्या बाबतीत गोष्टी हलू लागल्या आहेत. युनिकोडच्या नियमांनुसार २०२३ पर्यंत 'क्षि' एक अक्षर नव्हतं. 'क्' आणि 'षि' असे दोन तुकडे धरले जात आणि कर्सर जोडाक्षराच्या पोटात थांबू शके. सप्टेंबर २०२३च्या १५.१ आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं अखंड धरण्याचा नियम आला. जुन्या सॉफ्टवेअर लायब्रऱ्यांवर चालणाऱ्या साधनांत तो पोहोचायला वेळ लागतो. बॅकस्पेस मात्र पूर्वीसारखाच एकेक चिन्ह खोडतो, आणि ते योग्यच आहे. चुकलेल्या वेलांटीसाठी अख्खं जोडाक्षर पुन्हा टाइप करायला कोण तयार होईल?

नवा एडिटर घेतला की 'महाराष्ट्र, क्षितिज, दऱ्या, ॲप, किंमत' एवढी ओळ त्यात लिहावी, सेव्ह करून बंद करावी, पुन्हा उघडावी, शब्दांवरून बाणाच्या कळीने कर्सर फिरवावा, 'दऱ्या' शोधून पाहावं. आणि काही मोडलं तर एडिटर बनवणाऱ्यांना कळवताना नुसतं पडद्याचं छायाचित्र पाठवू नये. त्यासोबत ती मूळ फाइल, फॉन्टचं नाव आणि त्या शब्दातल्या चिन्हांचे युनिकोड क्रमांक द्यावेत. देवनागरी न वाचणाऱ्या प्रोग्रामरलाही त्यावरून चूक आपल्या संगणकावर घडवून पाहता येते.