लेथ मशीन घेतली, पण बसवली कशी?

मागच्या शेडमध्ये लेथ टाकायचा विचार आहे ना? मग सबसिडी आणि थ्री-फेज मीटरच्या आधी मशीन कुठे आणि कशी बसणार, ते बघा.

गडचिरोलीत चर्चा कोनसरीच्या स्टील प्लांटची असते. पण घरगुती वर्कशॉपला पहिलं काम देणार ती जवळची राईस मिल. मिलच्या शाफ्टवर बेअरिंग चढवायची असते. शाफ्ट एका टोकाला 50 मिमी आणि दहा सेंटीमीटरवर 50.05 मिमी झाला, की बेअरिंग आधी सरकते आणि पुढे अडकते. धानाच्या हंगामात ज्याची मिल बंद राहिली, तो मालक दुसऱ्यांदा तुमच्याकडे कशाला येईल?

अशा वेळी आपण टूलला दोष देतो. बरेचदा बेडलाच पीळ पडलेला असतो. बेड ओतीव लोखंडाचा, दणकट दिसतो. पण एक पाय अधांतरी ठेवून बोल्ट आवळला की तो पिळतो आणि डोळ्याला कळतही नाही.

सारवलेल्या जमिनीवर किंवा नुसत्या फरशीवर मशीन ठेवूच नका. काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. माती काढा, मुरूम ठोका, वर सहा इंच काँक्रीट घाला. किमान सात दिवस पाणी मारा. पूर्ण ताकद यायला 28 दिवस लागतात. हा खर्च प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आधीच धरा.

गवंड्याची पाणसळ फक्त सुरुवातीला चालते. पुढे मीटरला 0.02 मिमी फरक दाखवणारी प्रिसिजन लेव्हल लागते. महाग असते, ओळखीच्या वर्कशॉपमधून दिवसभरासाठी मागून आणा. बेडवर आडवी ठेवा, आधी हेडस्टॉककडे, मग टेलस्टॉककडे. बुडबुडा दोन्हीकडे एकाच जागी यायला हवा. मशीन किंचित कललेली चालते, पिळलेली नाही! पायाखाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवा, बोल्ट आवळा, पुन्हा बघा. आवळल्यावर बुडबुडा हलतोच.

आता खरी परीक्षा. 40 मिमीची सळई चकमध्ये पकडा, 150 मिमी बाहेर ठेवा, टेलस्टॉक लावू नका. दोन टोकांना कॉलर ठेवून मधला भाग बारीक करा. टूलची सेटिंग न बदलता दोन्ही कॉलरवर हलका कट मारा आणि मायक्रोमीटरने मोजा. बाहेरचा कॉलर जाड आला तर टेलस्टॉककडचा पुढचा, म्हणजे तुम्ही उभे राहता त्या बाजूचा पाय जरा उचला. बारीक आला तर मागचा. फरक 0.01 मिमीच्या आत आला की थांबा.

आठवड्याने हे पुन्हा तपासा. पावसाळा संपला की आणखी एकदा, मिलवाले शाफ्ट घेऊन यायच्या आत.