पायाळू बाळ आणि जोखमीचा हिशेब

गेल्या वर्षी आमच्या सूनबाईंना छत्तीस आठवडे पूर्ण झाले आणि सोनोग्राफीत बाळ पायाळू असल्याचे दिसले. पहिलेच बाळंतपण. घरात तीन मते पडली. विहीणबाई म्हणाल्या, गावच्या सुईणीकडून पोट चोळून घेऊ. धाकट्या बंधूंनी सुचविले, मुहूर्त पाहून थेट सिझेरियन करावे. डॉक्टरीणबाईंनी तिसरा मार्ग सांगितला : रुग्णालयात पोटावरून हातांनी बाळ फिरवून पाहू.

पायाळू माणसाला भूमिगत धन दिसते, त्याचा पाय लागला की उसण जाते, अशा समजुतींत आमची पिढी वाढली. प्रसूतीत अशा बाळाचे डोके शेवटी येते व अडकू शकते, हे मात्र कोणी सांगितले नव्हते. दिवस भरताना शंभरांत तीन-चार बाळे अशी असतात. २००० साली २६ देशांतील दोन हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि अशा वेळी नियोजित सिझेरियन करण्याचा प्रघात वाढला. परंतु गर्भाशयावरील व्रण पुढच्या गरोदरपणातही काही जोखीम ठेवून जातो. म्हणून बाळ फिरविण्याच्या उपायाला महत्त्व आहे.

आधी सोनोग्राफी करतात, बाळाच्या ठोक्यांचा आलेख घेतात आणि बहुधा गर्भाशय सैल करणारे औषध देतात. मग डॉक्टर पोटावर दाब देऊन बाळाला हळूहळू कोलांटी घ्यायला लावतात. काम काही मिनिटांचे. दुखते, पण असह्य झाल्यास थांबविता येते. नंतर ठोके पुन्हा तपासतात. मातेचा रक्तगट निगेटिव्ह असल्यास अँटी-डी इंजेक्शन देतात. वार खाली असेल, नुकताच रक्तस्राव झाला असेल, पाणी गेले असेल किंवा जुळी असतील, तर सहसा हा उपाय करीत नाहीत.

यश साधारण निम्म्या वेळा येते, पहिलटकरणीत कमी. सुमारे दोनशेत एकीला तातडीने सिझेरियन करावे लागते. मी आयुष्यभर कर्जप्रकरणे तपासली. जोखीम शून्य आहे का, हे आम्ही कधी विचारले नाही. जोखीम किती आणि ती उद्भवल्यास तरतूद काय, एवढेच पाहिले. येथील तरतूद म्हणजे शेजारीच सज्ज असलेले शस्त्रक्रियागृह. सुईणीच्या चोळण्यात तीच नसते. वार सुटली किंवा ठोके मंदावले, तरी घरी कोणाला कळणार नाही.

निर्णय सूनबाईंनी घेतला. तो त्यांचाच होता. दोनदा प्रयत्न झाला, बाळ फिरले नाही. एकोणचाळिसाव्या आठवड्यात सिझेरियन झाले आणि नात सुखरूप घरी आली. प्रयत्न वाया गेला, असे सूनबाईंना वाटत नाही, मलाही नाही.

आपल्या घरी कोणी गरोदर असेल, तर छत्तिसाव्या आठवड्यात बाळाचे डोके कोठे आहे, हे अवश्य विचारावे. ते वर असल्यास बाळ फिरविण्याचा अनुभव असलेले डॉक्टर कोण आणि तातडीच्या शस्त्रक्रियेची सोय तेथेच आहे का, हेही विचारावे. मुहूर्त नंतर पाहता येईल.