मनगटावरचा लाख

लग्नाच्या याद्या आठवून पाहा. नवऱ्यामुलाला अंगठी, सूट, बूट आणि घड्याळ. मुलीला मंगळसूत्र, पाटल्या, बांगड्या, शालू. तिच्या वाट्याला घड्याळ आलंच, तर ते कुणा मामानं नाहीतर आत्यानं आहेरात दिलेलं. सोनेरी साखळीचं, शेंगदाण्याएवढ्या तबकडीचं, ज्यात वेळ बघायला चष्मा शोधावा लागे! बायकांना वेळ हवीच कशाला? त्यांचा दिवस कुकरच्या शिट्ट्यांवर आणि नळाच्या पाण्यावर चालतो, असाच सगळ्यांचा समज.

गंमत अशी, की मनगटी घड्याळाचा इतिहास याच्या अगदी उलट आहे. नेपोलियनची बहीण कॅरोलिन म्युरा ही नेपल्सची राणी. तिनं १८१० मध्ये पॅरिसच्या ब्रेगे या घड्याळजीकडे हातात घालायचं घड्याळ सांगितलं, ते १८१२ मध्ये तिला मिळालं. १८६८ मध्ये पाटेक फिलिप कंपनीनं हंगेरीच्या एका सरदारपत्नीसाठी असंच ब्रेसलेटचं घड्याळ केलं. पुरुष तेव्हा खिशातलं साखळीचं घड्याळ वापरत. मनगटावर घालणं म्हणजे बायकी थाट, असं त्यांना वाटे. पहिल्या महायुद्धात खंदकात उभं राहून खिसे चाचपत बसणं जमेना, तेव्हा कुठे त्यांनी ते मनगटावर बांधलं. आणि मग हळूहळू घड्याळ ‘पुरुषाचा एकमेव दागिना’ होऊन बसलं!

आपल्याकडे घराघरात घड्याळ आणलं ते एचएमटीनं. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळुरूला कारखाना निघाला आणि ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’ ही नावं आपल्या बोलण्यात आली. माझ्या बाबांच्या हातात एचएमटीच होतं. रोज सकाळी दाढी झाली की चावी द्यायची, हा नेम. १९८७ मध्ये टायटन बाजारात आलं, चावी गेली, सेल आला. २०१६ मध्ये सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला, तेव्हा अनेकांनी कपाटातून आपापली जुनी घड्याळं काढून पुसून ठेवली. या सगळ्याच्या वर, खूप वर, एक जग होतं. रॅडो, ओमेगा, रोलेक्स. ते सिनेमातल्या शेटजींच्या हातात.

आता ते जग आपल्या घरात शिरलंय. माझी भाची अठ्ठावीस वर्षांची. चांगली नोकरी करते, घरच्या कर्जाचा हप्ता भरते. परवा तिनं जाहीर केलं, ‘मला सव्वा लाखाचं घड्याळ घ्यायचंय.’ ताईच्या हातातला चमचा तसाच राहिला. ‘अगं, तेवढ्यात सोनं घे. अडीअडचणीला उपयोगी पडेल. आणि वेळ तर मोबाइलवर दिसते!’

ताईचं काही चुकीचं नव्हतं. सोन्यानं २०२५ मध्येच तोळ्याला लाखाचा टप्पा ओलांडला. घड्याळाचं मात्र तसं नाही. मोजक्या कंपन्यांची मोजकी मॉडेल्स सोडली, तर दुकानाबाहेर पाऊल टाकताच त्याची किंमत उतरते. त्यामुळे महागडं घड्याळ ही ‘गुंतवणूक’ आहे, असं कुणी सांगू लागलं तर सरळ दुसऱ्या दुकानात जावं. भाचीनंही तसा आव आणला नाही. ‘मावशी, मला ते आवडतं आणि मी माझ्या पैशानं घेतेय,’ एवढंच ती म्हणाली. मग तिच्याबरोबर मीच चार दुकानं फिरले.

पहिल्याच दुकानात धडा मिळाला. तिनं ‘ऑटोमॅटिक’ मागितलं आणि विक्रेत्यानं समोर मांडली गुलाबी तबकडीची, शिंपल्यासारखी चमकणारी, कडेनं हिरे बसवलेली घड्याळं. ‘मॅडम, हे आमचं लेडीज कलेक्शन.’ ‘यात मशीन कोणतं?’ तिनं विचारलं. तो गडबडला. सेलवर चालणारं होतं. पुरुषांच्या कप्प्यात यंत्राचं कौतुक आणि बायकांच्या कप्प्यात खड्यांचं, असा सरळ हिशेब! खड्यांचे पैसे मोजायचे तर सोनार काय वाईट?

आता हे यंत्र म्हणजे काय, ते सोप्या शब्दांत. सेलच्या घड्याळात क्वार्ट्झचा बारीक स्फटिक असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्यावर वेळ मोजली जाते. १९६९ च्या नाताळात जपानच्या सायकोनं असं पहिलं मनगटी घड्याळ विकायला काढलं आणि पुढच्या काही वर्षांत स्वित्झर्लंडचा धंदाच बसला. दुसरा प्रकार चावीचा: स्प्रिंग, चाकं आणि एक डोलणारं चक्र. ऑटोमॅटिकमध्ये हाताच्या हालचालीनं स्प्रिंग आपोआप गुंडाळली जाते. यातलं अचूक कोणतं? पाचशे रुपयांचं सेलवालं! महिन्यात त्याचे काही सेकंदच इकडे तिकडे होतात. यंत्राच्या घड्याळाला स्वित्झर्लंडच्या ‘सीओएससी’ या तपासणी संस्थेचा दाखला हवा, तर पंधरा दिवस वेगवेगळ्या स्थितीत आणि तापमानात त्याची परीक्षा होते. त्यात दिवसाला सरासरी चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे, एवढी सूट असते. म्हणजे लाखभर रुपये वेळेसाठी मोजायचेच नाहीत. ते मोजायचे त्या कारागिरीसाठी.

आणि कारागिरी पारखण्यात आपण बायका काही कच्च्या नाही. पैठणी घेताना काय करतो? पदर उलटा करून बघतो. हातमागाची असेल तर उलटी बाजूही सुलटीसारखीच सुबक, यंत्रावरची असेल तर मागे धागे लोंबतात. घड्याळही तसंच उलटं करावं. कित्येकांच्या मागच्या झाकणाला काच असते, आतलं यंत्र दिसतं. पुढून काट्यांच्या कडा बघाव्या, आकडे सरळ बसलेत का, पट्ट्याच्या कड्या खडखडतात का, बकल लावताना-काढताना कसं वाटतं. काच नीलमणी जातीची, म्हणजे सफायर हवी. ही कारखान्यात तयार होते, पण कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल, त्यामुळे किल्ल्यांनी किंवा ओट्यानं सहसा ओरखडा पडत नाही. सोनेरी रंग दिसला की विचारायचं, सोनं की मुलामा? एक ग्रॅम सोन्याच्या दागिन्यांचं काय होतं, ते आपल्याला माहीत आहेच.

एक फसवा शब्द म्हणजे ‘वॉटर रेझिस्टंट ३० मीटर’. याचा अर्थ तीस मीटर खोल पाण्यात चालेल असा नाही. हात धुताना शिंतोडे उडाले तर चालेल, इतकाच. भांडी घासायची, पोहायचं, तर १०० मीटरवालं घ्यावं.

‘स्विस मेड’ या दोन शब्दांनाही नियम आहे. २०१७ पासून घड्याळाच्या उत्पादनखर्चातला किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये झालेला असला पाहिजे. शिवाय यंत्र स्विस, जोडणी आणि शेवटची तपासणीही तिथलीच. राहिलेला ४० टक्के कुठूनही येऊ शकतो.

मग प्रतिष्ठेचं काय? ती कारखान्यात बनत नाही. १९२७ मध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ नावाची लंडनची टायपिस्ट इंग्लिश खाडी पोहून गेली, हा मान मिळवणारी पहिली ब्रिटिश स्त्री. दुसऱ्या एकीनं खोटाच दावा केल्यामुळे लोक हिच्यावरही शंका घेऊ लागले, म्हणून ती दोन आठवड्यांत पुन्हा पाण्यात उतरली. रोलेक्सचे मालक हान्स विल्सडॉर्फ यांनी तिला आपलं पाणी न शिरणारं घड्याळ दिलं. थंडीनं तिला अर्ध्यातून वर काढावं लागलं, घड्याळ मात्र चालू होतं. विल्सडॉर्फनी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जाहिरात दिली आणि घड्याळाचं नाव झालं. गारठली ती आणि भाव वधारला घड्याळाचा! ‘मोठ्या नावा’साठी जादा पैसे देताना ही गोष्ट आठवावी. टिसोसारख्या कंपनीचं घड्याळ काही दहा हजारांत मिळतं, लाँजिन लाखाच्या आसपास सुरू होतं, ओमेगा-रोलेक्सची बातच काही लाखांची. प्रत्येक पायरीवर कारागिरी वाढते हे खरं, पण किमतीइतकी वाढत नाही, असं माझं मत.

प्रतिष्ठेचा दुसरा अर्थ मला आमच्या बचत गटात कळला. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एका बाईनं स्वतःच्या पैशातून बाराशे रुपयांचं घड्याळ घेतलं. मी म्हटलं, ‘छान केलंस, पण सोन्याचा मणी नाही का जोडायचा?’ ती हसली. ‘ताई, माझी पोत तीनदा गहाण पडली. विचारलं का मला कुणी? घड्याळ कुणी गहाण ठेवून घेत नाही!’ सोनं अडीअडचणीला उपयोगी पडतं, हे आपण किती सहज म्हणतो. अडचण कुणाची, हे विचारत नाही.

खरेदीचं बोलायचं तर अधिकृत दुकानातूनच करावी. ‘फर्स्ट कॉपी’ इतकी हुबेहूब निघते, की नुसत्या डोळ्यांनी ओळखणं कठीण. वॉरंटी कार्डावर तारीख, शिक्का हवा आणि घड्याळाचा नंबर कार्डाशी जुळवून घ्यावा. जुनी एचएमटी, फेवर ल्यूबा स्वस्तात विकायला असतात. तबकडी झगझगीत नवी दिसली तर ती पुन्हा रंगवलेली समजावी. दोन लाखांच्या वर खरेदी असेल तर पॅन क्रमांक द्यावा लागतो. दहा लाखांच्या वरच्या घड्याळावर एप्रिल २०२५ पासून दुकानदार एक टक्का कर आधीच गोळा करतो, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. आणि सर्व्हिसिंगचा खर्च आधी विचारावा. यंत्राचं घड्याळ काही वर्षांनी उघडून, साफ करून, तेल घालून घ्यावंच लागतं, आणि ते गल्लीतल्या घड्याळजीच्या खर्चात होत नाही.

भाचीनं अखेर घेतलं ते साधं स्टीलचं, निळ्या तबकडीचं ऑटोमॅटिक, विक्रेत्यानं ‘जेंट्स’ म्हणून बाजूला ठेवलेलं. तिच्या हाताला ३४ मिलिमीटर अगदी बरोबर बसलं. शुक्रवारी रात्री काढून ठेवलं की सोमवारी सकाळी ते बंद पडलेलं असतं. मग ती खिडकीत उभी राहून चावी देते आणि मोबाइल बघून वेळ लावते. ताई रोज डोक्याला हात लावते, पण मागच्या आठवड्यात शेजारणीला ते उलटं करून आतली चाकं दाखवत होती.