तेहरानला परत गेलेला पायजमा

फारसीत ‘पाय’ म्हणजे पाय आणि ‘जामा’ म्हणजे वस्त्र. या दोहोंच्या जोडीतून तयार झालेला ‘पायजमा’ फारसी वापरणाऱ्या राजवटींबरोबर हिंदुस्थानात आला आणि इथल्या भाषांमध्ये रुळला. मराठी माणसाला तर तो कधी परका वाटलाच नाही, कारण त्यातला ‘पाय’ आधीपासून घरचाच होता. फारसी ‘पाय’ आणि संस्कृत ‘पाद’ हे एकाच प्राचीन मुळाचे अंकुर आहेत.

पुढे इंग्रजांनी ही सैल, नाडीची विजार उचलली. दिवसा ती घालून बाहेर पडणं त्यांच्या रीतीत बसेना, म्हणून ती त्यांनी झोपायला वापरली. अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश ‘हॉब्सन-जॉब्सन’ १८८६ साली निघाला, त्यात या शब्दाची नोंद आहे. मायदेशी पोचल्यावर मात्र अर्थ बदलला: विजारीला सदरा जोडला गेला आणि दोन्ही मिळून झोपण्याचा पोशाख ‘पजामाज’ झाला.

मग वाट मोकळीच होती. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, रशियन, जपानी, सगळ्यांनी तो आपापल्या उच्चारात बसवला. अरबीत ‘प’ नाही, म्हणून तिथे ‘बिजामा’.

सर्वांत विलक्षण प्रवास मात्र इराणचा. आधुनिक फारसीत घरी घालायच्या सैल विजारीला ‘पिझामे’ म्हणतात. हा शब्द तिथे फ्रेंचमधून आला! ज्या भाषेने शब्द घडवला, तिनेच तो युरोपकडून, फ्रेंच उच्चारासकट, पुन्हा उसना घेतला.