जुन्या गाण्यांसाठी स्ट्रॉबेरी

संगणकावर गाण्यांचे फोल्डर साठले असतील आणि ती निवांत, जाहिरातींविना ऐकायची असतील, तर आपण स्ट्रॉबेरी हा प्लेअर लावून पाहावा. तो मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही वाचता आणि बदलता येतो. बदलणारे खरोखर असतात. लिनक्सवरच्या अमारोक या प्लेअरचे नवे रूप काहींना रुचले नाही, तेव्हा त्याच्या जुन्या १.४ आवृत्तीवरून २०१० मध्ये क्लेमेंटाइन निघाला. पुढे त्याचे काम रेंगाळले आणि २०१८ मध्ये त्यातूनच स्ट्रॉबेरी आला.

उबुंटूवर तो नेहमीच्या सॉफ्टवेअर केंद्रातून बसवता येतो. उघडल्यावर सेटिंग्जमधल्या ‘कलेक्शन’ विभागात गाण्यांचा फोल्डर दाखवावा. प्लेअर गाणी उचलून नेत नाही, फक्त त्यांची यादी करतो. म्हणून आधी फोल्डर कायमच्या जागी ठेवावा. मागाहून हलवला की यादीतली गाणी वाजत नाहीत आणि दोष प्लेअरला जातो.

आता खरी कटकट: टॅग. टॅग म्हणजे फायलीच्या आतच लिहिलेली गाण्याची माहिती: नाव, गायक, अल्बम. प्लेअर फायलीच्या नावापेक्षा यावर विसंबतो. एमपी३च्या सर्वांत जुन्या टॅगमध्ये गाण्याच्या नावाला अवघी ३० बाइटची जागा होती, देवनागरीचा तर विचारच नव्हता. त्यामुळे कुठे प्रश्नचिन्हे दिसतात, कुठे नाव अर्धवट तुटते. गाण्यावर उजवी क्लिक करून टॅग संपादन उघडावे आणि नाव सरळ मराठीत टाइप करावे.

भावगीतांच्या संग्रहात आणखी एक घोळ होतो. दहा गायक असले की एकाच अल्बमचे दहा तुकडे दिसू शकतात. अशा वेळी सगळी गाणी निवडून ‘अल्बम आर्टिस्ट’च्या रकान्यात एकच नाव भरावे, ‘विविध गायक’ही चालेल.

टॅग आपोआप भरायचीही सोय आहे. प्लेअर गाण्याचा ध्वनिठसा काढून म्युझिकब्रेन्झ या स्वयंसेवकांनी भरलेल्या कोशात शोधतो. घरगुती मैफलीचे रेकॉर्डिंग तिथे कुठून सापडणार? सुचवलेले नाव वाचूनच स्वीकारावे, आणि त्याआधी फोल्डरची एक प्रत काढून ठेवावी. बदल मूळ फायलीतच होतो.

एवढा खटाटोप नको असेल तर व्हीएलसी पुरे. विनअँपची आठवण येत असेल तर ऑडेशस त्याच्या जुन्या स्किन चालवतो. फूबार२००० उत्तम आहे, फुकटही आहे, पण मुक्तस्रोत नाही.

प्लेअर बदलला तरी टॅग फायलीसोबत येतात. प्लेलिस्ट मात्र प्लेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहतात, त्या आधी एम३यू फाइल म्हणून सेव्ह कराव्यात.