डब्यातली मासळी आणि पास्ता : वीस मिनिटांत पोटभर जेवण

कोकणातून आखातात नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांना विचारा, बारा तासांची ड्युटी करून रूमवर आल्यावर जेवणाचं काय? अनेकांच्या कपाटात टूनाचा एखादा डबा असतो. ब्रेडला लावायचा, खायचा आणि झोपायचं. रोज हॉटेलचं खाणं खिशालाही परवडत नाही आणि पोटालाही. पण त्याच डब्यातून नीट जेवण होऊ शकतं. सोबत हवा फक्त पास्ता.

मासळी आणि पास्ता ही जोडी इटलीच्या सिसिली बेटावर फार जुनी आहे. या बेटावर दोन शतकांहून अधिक काळ मुस्लिम सत्ता होती. भूगोलतज्ज्ञ अल-इद्रिसी यांनी ११५४ मध्ये राजा रॉजर दुसरा याच्यासाठी ग्रंथ पूर्ण केला. पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात ‘इत्रिया’, म्हणजे एक प्रकारच्या शेवया, बनतात आणि जहाजांतून मुस्लिम व ख्रिस्ती मुलखांत जातात, अशी नोंद त्यात आहे. आजही तिथे तारली, रानबडीशेप, मनुका आणि चिलगोजे घालून पास्ता करतात. पलीकडच्या ट्युनिशियातही टूना आणि हरिसा ही तिखट चटणी घरोघरी असते.

कसं करायचं?

दोन माणसांसाठी २०० ग्रॅम स्पॅगेटी, टूनाचा एक डबा, चार-पाच लसूण पाकळ्या, तीन टोमॅटो, दोन सुक्या मिरच्या, तेल, लिंबू आणि कोथिंबीर घ्या. दोन लिटर पाण्यात मीठ घालून पास्ता उकळा. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट आधीच काढा, आणि त्यातलं वाटीभर पाणी बाजूला ठेवा. हे पाणी फेकू नका. त्यात उतरलेल्या पिठूळपणामुळे तेल आणि टोमॅटोचा रस एकजीव होऊन पास्त्याला धरतो.

तेलात लसूण-मिरची परता, टोमॅटो शिजवा, मग पास्ता आणि ठेवलेलं पाणी घाला. मासळी सगळ्यात शेवटी. डबा बंद केल्यावर कारखान्यातच ती पूर्ण शिजलेली असते, पुन्हा शिजवली तर भुसा होतो. मासळी खारट असते, म्हणून मीठ चाखूनच घाला. बीपी असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. वरून चीजऐवजी तव्यावर तेलात कुरकुरीत केलेला ब्रेडचा चुरा टाका. सिसिलीतही तसंच करतात.

हलालचं काय?

मासळीला जबिहाची अट नाही. पण डब्यात मासळीसोबत काय आहे, हे वाचायलाच हवं. काही तयार सॉसमध्ये वाइन असते आणि इटालियन पाककृतींतही ती सांगितलेली असते. तिथे लिंबू पिळा, आंबटपणाचं काम तेवढ्याने भागतं.

डबा उघडण्याआधी

फुगलेला, गळणारा, खूप गंजलेला किंवा कडेला चेपलेला डबा सरळ टाकून द्या. उघडताना आतून फवारा उडाला तरी तेच करा. ‘चाखून बघू’ असं कधीच म्हणू नका. बोट्युलिझमचं विष वासाने किंवा चवीने ओळखता येईलच असं नाही, आणि ते जिवावर बेतू शकतं. एका डब्यासाठी हा धोका कशाला? उरलेली मासळी काचेच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.

गरोदर बहिणींनी आणि लहान मुलांनी टूना बेताने खावा, कारण मोठ्या माशांत पारा जास्त साठतो. त्यांच्यासाठी डब्यातली तारली चांगली. तिचे मऊ झालेले काटेही खाता येतात आणि त्यातून कॅल्शियम मिळतं.

पुढच्या व्हिडिओ कॉलवर मुलगा ‘जेवलो’ म्हणाला, तर काय जेवला तेही विचारा. आणि ही रीत त्याला सांगा.